एक साधा मजकूर

१९ जून, सोमवार

आज मुख्याध्यापिकांनी बोलावून नवा तास माझ्या गळ्यात मारला. नववीला, आठवड्यातून दोनदा, 'माध्यम वाचन'. म्हणजे जाहिरात, बातमी, फोटो, व्हिडिओ असं जे समोर येईल ते मुलांनी नुसतं बघायचं नाही, वाचायचं. कोणी केलं, कोणासाठी केलं, काय दाखवलं आणि काय दाखवलं नाही. याला पुस्तक नाही, परीक्षा नाही, म्हणून बाकीच्यांनी काढता पाय घेतला. पीटीचे सर म्हणाले, "घ्या की सर, तुम्हाला वेळ असतो हल्ली." 'हल्ली'वर त्यांनी जरा जोर दिला.

वेळ असतो हे खरं. बायको एप्रिलमध्ये परगावी गेल्यापासून आमचं घर संध्याकाळी साडेपाचलाच संपतं. चहा होतो, वह्या तपासून होतात, आणि मग काय करायचं ते कळत नाही. सहा महिन्यांचं काम आहे तिचं, कसल्याशा केंद्रात, रंगाचं काहीतरी. दोन ऑक्टोबरला संपेल. तीन तासांचा तर रस्ता, पण रविवारी तिला कपडे धुवायचे असतात, आठवड्याचं उरकायचं असतं, त्यामुळे येणं जमत नाही. मीही जाऊन आलो असतो, पण आधी पेपर होते, आणि तिने 'या' असं म्हटलेलं नाही.

दिवस मोजायचे नाहीत असं ठरवलंय. एकशे पाच उरलेत.

२७ जून, मंगळवार

पहिला तास बरा गेला. साबणाची एक जाहिरात मोठी करून भिंतीवर लावली. पांढरंशुभ्र स्वयंपाकघर, हसणारी आई, चिखलाने माखलेला मुलगा. मी म्हटलं, काय दाखवलं नाही ते सांगा.

या वर्गात एक मुलगा आहे, त्याला मी मनात 'रेडिओ' म्हणतो, कारण तो बंदच होत नाही. तो म्हणाला, "सर, या घरात कुणी राहतच नाही. ओट्यावर एक भांडं नाही. माझ्या आईला दाखवा, ती म्हणेल ही बाई बाहेरून जेवून आलीय." वर्ग हसला, मीही हसलो. पहिल्या बाकावरची चष्मेवाली उठून म्हणाली, "पण सर, आई हसतेय कशाला? कपडे तर तिलाच धुवायचेत." हिचं नाव 'वकीलबाई' ठेवलं. एक मुलगी यंदाच आलीय, वडिलांची बदलीची नोकरी, ही तिची पाचवी शाळा. ती काही बोलली नाही. नुसती बघत होती, अगदी चित्राच्या कडांपर्यंत.

घरी आलो तर आमच्या ओट्यावर एक कप आणि एक ताटली. जाहिरातीत शोभेल असा ओटा झालाय आमचा. ती असताना ओट्यावर पाय ठेवायला, म्हणजे हात ठेवायला, जागा नसायची. तेव्हा मी कटकट करायचो.

९ जुलै, रविवार

तिचा मेसेज दर रविवारी सकाळी नऊला येतो. मी पावणेनऊपासून फोन टेबलावर उलटा ठेवतो, म्हणजे वाट बघतोय असं वाटू नये. कोणाला वाटू नये हे विचारू नका.

आजचा असा: 'गॅसवाला आता दर महिन्याला येत नाही, त्याला आठवण करून द्यावी लागते, नंबर डायरीत शेवटच्या पानावर आहे. बेसिनचा नळ घट्ट पिळू नका, आतलं रबर झिजतं. मी ठीक आहे. काम खूप आहे. जपा.'

किती बारीक लक्ष आहे तिचं! तीन तासांवर बसून आमच्या नळाच्या रबराची काळजी. लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी माणसाने माणसाची इतकी फिकीर करावी, हे भाग्यच म्हणायचं. लगेच उत्तर लिहिलं. साबणाच्या जाहिरातीची सगळी हकिगत कळवली, रेडिओचं वाक्यही. चांगलं दीड पान झालं. तिने अंगठा पाठवला.

आज तिची फार आठवण आली. दुपारी झोपलो तर पलंगाच्या माझ्याच कडेला झोपलो होतो, उठल्यावर लक्षात आलं. अख्खा पलंग मोकळा असून.

२८ जुलै, शुक्रवार

मुलं तयार होतायत, जरा जास्तच. आज मी त्यांना म्हटलं, घरात सापडेल तो छापील कागद आणा. वकीलबाईने आमच्या शाळेचं माहितीपत्रक आणलं. दहा मिनिटांत तिने शोधून काढलं की ग्रंथालयाच्या, प्रयोगशाळेच्या आणि मैदानाच्या अशा तिन्ही फोटोंत तीच एक मुलगी आहे आणि तिन्हीकडे तिच्या बोटाला तीच पट्टी आहे. "म्हणजे सर, फोटो एकाच दिवशी काढलेत आणि सूक्ष्मदर्शक त्या दिवसापुरते कुठून तरी आणलेत. मी इथे चार वर्षं आहे, मी एकच पाहिलाय, तोही बंद."

सूक्ष्मदर्शक शेजारच्या शाळेतून आणायला मीच रिक्षातून गेलो होतो.

३१ जुलै, सोमवार

अपेक्षेप्रमाणे बोलावणं आलं. मुख्याध्यापिका रागावल्या नाहीत, पण चहा विचारला नाही यावरून काय ते समजलो.

"सर, तुम्ही मुलांना डोळस करताय, छान आहे. पण काल एका पालकांचा फोन होता. त्यांचा मुलगा आजीने पाठवलेला वाढदिवसाचा निरोप वाचून म्हणाला, यात आजीचा हेतू काय आहे? आजी रडल्या."

मला हसू आवरेना. त्या हसल्या नाहीत.

"प्रत्येक ठिकाणी डाव असतो असं त्यांना वाटायला लागलंय. एकदा तरी त्यांना असा मजकूर द्या, ज्यात काही लपवलेलं नाही. साधा, सरळ. तोही ओळखता यायला हवा ना?"

बाईंचं म्हणणं पटलं. खोटं नाणं ओळखायचं तर खरंही हातात घेऊन बघावं लागतं. पण असा मजकूर आणायचा कुठून? वर्तमानपत्र चाळलं. मृत्यूच्या बातम्यांतसुद्धा कोणी कोणाला वगळलंय ते दिसतं.

६ ऑगस्ट, रविवार

सापडला! शोधत होतो गावभर आणि होता माझ्याच फोनमध्ये. आजचा तिचा मेसेज नेहमीपेक्षा मोठा आहे. इथे उतरवून ठेवतो, मंगळवारी हाच वर्गात न्यायचा.

'वॉशिंग मशीनचं झाकण लागलं नाही तर उजव्या कोपऱ्यावर दाबा, ठोकू नका. पाण्याच्या फिल्टरची वॉरंटी कपाटात दुसऱ्या कप्प्यात निळ्या फाइलमध्ये आहे. फिल्टरवाला दुपारी चारनंतरच फोन घेतो. रक्तदाबाच्या गोळ्या संपायच्या चार दिवस आधी आणत जा. नव्या डॉक्टरीणबाई बऱ्या आहेत, त्यांना सगळं सांगितलंय. थंडीची पांघरुणं माळ्यावर डाव्या पेटीत आहेत, वर घ्यायच्या आधी एक दिवस उन्हात टाका. कुंड्यांना फार पाणी नको. मी ठीक आहे. काम भरपूर आहे. जपा.'

यात कोणाला काय विकायचंय? कोणाला कोणापुढे मिरवायचंय? एका बायकोने नवऱ्याला लिहिलंय, बस्स. याहून साधा मजकूर जगात सापडायचा नाही. कोणाचं पत्र ते अर्थात सांगणार नाही.

८ ऑगस्ट, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

फळ्यावर मजकूर लिहिला. म्हटलं, एका बाईने घरी पाठवलेला निरोप आहे. यात डाव नाही. सापडला तर दाखवा. मी अगदी ऐटीत हाताची घडी घालून उभा होतो.

मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. मग रेडिओ म्हणाला, "सर, खरंच काही नाही यात. बोअर आहे." मला बरं वाटलं. मग वकीलबाई उठली.

"सर, मी मोजलं. सूचना आठ, प्रश्न एकही नाही. ती त्यांना काहीच विचारत नाही. जेवलात का, कसे आहात, काहीच नाही."

मी म्हटलं, "काळजी करणारं माणूस सांगतं. विचारत बसत नाही."

"माझी आई तर नुसतं विचारतच असते," रेडिओ म्हणाला.

"आणि स्वतःबद्दल दोनच वाक्यं, सर. 'मी ठीक आहे. काम भरपूर आहे.' काम काय आहे ते वगळलंय. की त्यांना ते आधीच माहीत असेल?"

मी म्हटलं, "माहीतच असणार."

मग ती बदलीवाली मुलगी, आजवर एकदाही न बोललेली, बसल्या जागेवरूनच बोलली. "सर, आत्ता ऑगस्ट आहे."

"मग?"

"थंडीला चार महिने आहेत. ज्याला परत यायचंय तो पांघरुणं कुठे आहेत ते कशाला सांगेल? आल्यावर स्वतःच काढेल ना." मग म्हणाली, "माझ्या बाबांची बदली झाली की ते असंच लिहून ठेवतात. कुठलं कुलूप अडकतं, कुठली फाइल कुठे आहे. नव्या माणसासाठी. त्याला चार्ज देणं म्हणतात. सर, ही बाई चार्ज देतेय."

वर्गात कोणी हसलं नाही. मीच काहीतरी मोठ्याने बोललो. माणसाच्या मायेची चिरफाड करायला मी हा तास घेत नाही, असं काहीसं. सगळ्यांना दहापैकी चार गुण दिले आणि घंटेआधीच वर्गाबाहेर पडलो. तीस वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच घडलं.

९ ऑगस्ट, बुधवार

मुलं आहेत. उचलली जीभ लावली टाळ्याला.

११ ऑगस्ट, शुक्रवार

आज तासाला व्यंगचित्रं घेतली. त्या दिवसाचा विषय मी काढला नाही आणि त्यांनीही नाही. तास संपल्यावर वकीलबाई वही घेऊन आली. "सर, चार गुण का, ते लिहिलेलं नाही." मी म्हटलं, अतिविश्लेषण. ती म्हणाली, "पण चूक कुठे झाली ते दाखवा ना, म्हणजे पुढच्या वेळी करणार नाही."

दाखवता आली नाही.

१३ ऑगस्ट, रविवार

नऊला मेसेज आला. विजेचं बिल कुठे भरायचं, ते. मी पहिल्यांदाच मध्ये विचारलं: 'पांघरुणांचं इतक्या लवकर का सांगितलंस?'

दोन निळ्या खुणा लगेच दिसल्या. उत्तर दुपारी आलं. 'थंडीत लागतील म्हणून.'

बरोबरच आहे की. थंडीत लागतीलच.

२० ऑगस्ट, रविवार

चिरंजीवांचा फोन. तो आणि सूनबाई कामानिमित्त लांब असतात, पंधरा दिवसांनी फोन करतो. तब्येत, हवा, शाळा झाल्यावर सहज विचारल्यासारखं म्हटलं, "आईचं ऑक्टोबरात नक्की आहे ना रे?"

तो म्हणाला, "बाबा, तुम्ही आईशी नीट बोललात का?"

"दर रविवारी बोलतो."

"बोललात का, विचारलंय मी."

"अरे, दीड-दीड पान लिहितो मी तिला!"

"हो, ते आई म्हणाली," तो म्हणाला. आणि मग त्याला म्हणे दुसरा फोन येत होता.

२ सप्टेंबर, शनिवार

मधले दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्याजोगं काही झालं नाही. म्हणजे झालं ते असं की मी कामावरून येऊन ओट्यासमोर उभा राहतो आणि तिला हाक मारल्यासारखं तोंड उघडतो. परवा तर हाक मारलीच. 'अगं' एवढंच. घरात दुसरं कोणी नसताना 'अगं' कसं ऐकू येतं ते मी आता सांगू शकतो.

आज शाळा अर्धी होती. फाटकाशी बदलीवाली मुलगी थांबली होती. म्हणाली, "सर, त्या दिवशी आमचं चुकलं."

मला वाटलं, आली लेक वळणावर. म्हटलं, "असू दे गं."

"नाही, म्हणजे खरंच चुकलं. आम्ही एकच बाजू वाचली. त्या बाईला काय उत्तरं जात होती ते बघायलाच हवं होतं. ती प्रश्न विचारत नाही, हे खरं. पण तिला तरी कोणी विचारत होतं का?"

तिची रिक्षा आली आणि ती गेली. मी बराच वेळ फाटकाला धरून उभा होतो. शिपाईमामांनी विचारलं, "सर, बरं नाही का?" मी म्हटलं, बरं आहे.

३ सप्टेंबर, रविवार

आज तिचा मेसेज वाचण्याआधी माझी उत्तरं वाचली. पहिल्यापासून, एप्रिलपासून.

सगळी उत्तरं सुंदर आहेत. भाषा उत्तम, विनोद जागच्या जागी. साबणाची जाहिरात, माहितीपत्रकातली पट्टी, मुख्याध्यापिकांचा न आलेला चहा. पीटीच्या सरांची नक्कल. एका रविवारी मी तिला वर्तमानपत्रातल्या अग्रलेखाचं विश्लेषण पाठवलंय, मुद्द्यांना आकडे घालून. बावीस उत्तरं आहेत. एकाही उत्तरात तिला काही विचारलेलं नाही. फक्त पांघरुणांचं विचारलंय, तेही माझ्याच पांघरुणांचं.

मग म्हटलं ही वहीही बघू. जूनपासूनची पानं उलटली. 'कसल्याशा केंद्रात, रंगाचं काहीतरी.' एवढंच. एवढंच लिहिलंय मी. वकीलबाईने वर्गात विचारलं, काम त्यांना माहीत असेल का, तर मी म्हटलं, माहीतच असणार. मला माहीत नाही. माझी बायको पाच महिने रोज सकाळी उठून काय करते ते मला माहीत नाही.

त्या कामाची जाहिरात तिने वर्तमानपत्रातून कापून मला दाखवली होती. फेब्रुवारीत, रविवारी सकाळीच. मी पेन मागितलं आणि तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका खुणा करून दाखवल्या. चुका आठवतात. मजकूर आठवत नाही. तेव्हा तिने ते कात्रण परत घेतलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि विचारलं, "चहा टाकू?"

मला तिची आठवण येते असं मी या वहीत किती वेळा लिहिलंय. मला कोणाची आठवण येते? चहा टाकणाऱ्या बाईची? आज हा प्रश्न मनात आला. आठवण खरी आहे. ती जात नाही. पण जिची येते तिला मी ओळखतो की नाही, हे सांगता येईना.

१२ सप्टेंबर, मंगळवार

वर्गात उभं राहून सांगितलं की आठ ऑगस्टला मी दिलेले गुण चूक होते. तुमचं वाचन बरोबर होतं, माझं चुकलं. सगळ्यांना नऊ. रेडिओ म्हणाला, "सर, दहा का नाही?" मी म्हटलं, "दहा मिळवायला उत्तर देणाऱ्याचा मजकूरही मागायला हवा होता. तो फक्त एकीने मागितला. तिला दहा." बदलीवाली मान खाली घालून वहीच्या कोपऱ्यावर काहीतरी गिरवत होती.

वकीलबाईने विचारलं, "सर, मग ती बाई परत आली का?"

मी म्हटलं, अजून कळलेलं नाही.

२४ सप्टेंबर, रविवार

पंधरा दिवस खोडतोय, पुन्हा लिहितोय. तीस वर्षं मुलांना पत्रलेखन शिकवलं आणि एक वाक्य जमेना. शेवटी हे पाठवलं: 'तू तिथे काय काम करतेस ते मला माहीत नाही. बघायला येऊ का?'

नऊ वाजता माझाच मेसेज गेल्यामुळे तिचा आला नाही. अकरा वाजले, बारा वाजले. फोन आज सुलटा ठेवला होता. काय असेल ते असो, वाट बघतोय तर बघतोय.

सव्वाचारला उत्तर आलं. 'सुट्टी लागल्यावर या. दहा ते पाच चालू असतं.' आणि थोड्या वेळाने आणखी एक: 'जेवून निघा.'

२ ऑक्टोबर, सोमवार

आज ती तारीख. कोणी आलं नाही, आणि मला ते माहीत होतं. तरी पलंगावरच्या तिच्या बाजूची चादर बदलली.

१६ ऑक्टोबर, सोमवार

बसमध्ये लिहितोय, अक्षर वेडंवाकडं येतंय.

केंद्र म्हणजे एका मोठ्या दवाखान्याच्या मागची बैठी इमारत. अपघातात, यंत्रात ज्यांचे हात जातात त्यांच्यासाठी तिथे हात बनवतात. पकडायला उपयोगाचा हात वेगळा असतो, तो दुसरीकडे. इथला हात दिसण्यासाठी. खरा वाटावा असा रबरी हात, आणि त्याला रंग देणारी बाई म्हणजे माझी बायको.

खिडकीशी तिचं टेबल. चष्मा नवा आहे. केस कापलेत. मला बघून म्हणाली, "आलात? बसा. हे होऊ दे." आणि पुन्हा कामाला लागली.

समोर एक बसचालक बसला होता. त्याचा खिडकीकडचा हात गेला होता. ती त्याचा उरलेला हात दिव्याखाली धरून बघत होती. मला म्हणाली, पण नजर त्या हातावरच, "उरलेल्या हातासारखा रंग करायचा, हा नियम. पण यांचा गेलेला हात रोज उन्हात असायचा. तो जास्त सावळा होता. ह्याच्यासारखा केला तर लोकांना बरोबर वाटेल, पण यांना तो आपला वाटणार नाही." चालक म्हणाला, "बाईंना सांगावं लागलं नाही, त्यांनीच विचारलं मला. पहिलीच व्यक्ती." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ती रंगाचा एक थेंब आणि मग अर्धा थेंब मिसळत होती. तासभर. मी सव्वीस वर्षं या बाईबरोबर राहिलो आणि तिला एखाद्या गोष्टीकडे असं तासभर बघताना पाहिलं नाही. किंवा बघत असेल, आणि मी बोलत असेन.

चालक गेल्यावर तिने डबा उघडला, अर्धा मला दिला. मी विचारत गेलो आणि ती सांगत गेली. नखांच्या खालचा गुलाबी रंग सगळ्यात अवघड असतो. शिरा आतून रंगवायच्या, वरून नाही. सुरुवातीला तिने रंगवलेले दोन हात नापसंत होऊन परत आले होते, ती रडली होती. मी एकदाही मध्ये बोललो नाही. एकदा बोलणार होतो, ते गिळलं.

मग विचारलं, "परत येशील?"

"नाही."

"रागावून गेलीस का?"

"राग असता तर पांघरुणं कुठे आहेत ते सांगितलं असतं का?" ती म्हणाली. "अहो, मी तुमच्यावर रागावले नाही. मी तिथे संपत चालले होते. इथे नाही."

मी म्हटलं, "मला तुझी फार आठवण येते गं." सगळं गाव ऐकेल असं म्हटलं की काय कोण जाणे, पलीकडच्या टेबलावरची मुलगी उठून बाहेर गेली.

टेबलाचा खालचा कप्पा ओढून तिने फडक्यात गुंडाळलेला एक हात काढला. उजवा, पुरुषाचा. मधल्या बोटाला पेनाचा घट्टा. शिकताना पहिला हात करायला सांगतात, समोर कोणाला बसवत नाहीत, आठवणीतून करायचा. मी माझा हात शेजारी ठेवला. आकार हुबेहूब होता, अंगठ्याचं वाकडं नखसुद्धा. पण रंग जुळत नव्हता. तो हात चांगला सावळा होता आणि माझा फिकट, कपाटात ठेवलेल्या कागदासारखा.

"चुकलाय," मी म्हटलं.

"चुकला नाही. तेव्हा तुम्ही सायकलने शाळेत जायचात," ती म्हणाली. "आल्यावर हात न धुता आधी मला सांगायचात, रस्त्यात काय काय दिसलं ते. आणि मग विचारायचात, तू काय केलंस दिवसभर?"

मी विचारायचो? मला ते आठवत नाही. मी खूप आठवून पाहिलं. पण ती सांगतेय म्हणजे विचारत असणार.

"हा मी नेऊ?" मी म्हटलं.

"नको. असू दे इथे." तिने तो पुन्हा फडक्यात गुंडाळला आणि कप्पा बंद केला.

चारला तिचा पुढचा माणूस आला, म्हणून मी उठलो. ती दारापर्यंत आली, "जपा" म्हणाली आणि आत गेली. बसथांबा रस्त्याच्या पलीकडेच आहे. तिथून तिची खिडकी दिसते. त्या माणसाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन ती बघत होती, उलटा करून, सुलटा करून. सव्वाचारची बस आली, मी चढलो नाही. पावणेपाचची आली, तीही जाऊ दिली. पाच वाजता तिने दिवा बंद केला आणि खुर्चीवरची ओढणी घेतली. तेव्हा, ती बाहेर यायच्या आत, जी बस उभी होती तीत बसलो. कुठली आहे ते आता कंडक्टरला विचारतो.